अ‍ॅनिमेशनपटाचा दिग्दर्शक नक्की करतो तरी काय? (लेकीसाठी विचारतेय)

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक यंदा बारावीला आहे, सायन्सला. गेल्या आठवड्यात पानावर बसल्या बसल्या तिने जाहीर केलं की तिला अ‍ॅनिमेशनच्या सिनेमाची दिग्दर्शक व्हायचंय. "अ‍ॅनिमेटर नाही हं आई, दिग्दर्शक," हे दोनदा बजावलं. तिचे बाबा म्हणाले, चित्रांना कसला आलाय दिग्दर्शक? नट नाहीत, कॅमेरा नाही, 'कट' म्हणून ओरडायला सेट नाही. मी तिची बाजू घेतली खरी, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलं नाही.

त्यातच इथल्या एका क्लासवाल्यांनी सहा महिन्यांचा डिप्लोमा, सव्वा लाख रुपये आणि 'शंभर टक्के नोकरी' असा कागद हातात ठेवलाय. शनिवारपर्यंत पैसे भरले तर दहा टक्के सूट म्हणे. पैसे भरण्याआधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हटलं. हा माणूस दिवसभर करतो काय? त्याला चित्र किती चांगलं काढता यावं लागतं? आणि त्या खुर्चीपर्यंत माणसं पोचतात कशी?

अण्णा_कोथरूडकर | रविवार, रात्री ९:४०

बारावी सायन्स आणि कार्टून! ताई, आधी इंजिनिअरिंग करू द्या, मग रविवारी हवी तेवढी चित्रं काढू दे. आमच्या शेजारचा मुलगा असाच 'मल्टिमीडिया' करायला गेला होता, आता लग्नाच्या व्हिडिओत गुलाबाच्या पाकळ्या पाडतो. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजून सोडून द्या.)

तो सव्वा लाखाचा कागद मात्र आधी फाडा. यावर माझा दिवा नाही.

पाटी_पेन्सिल | रविवार, रात्री ११:०५

गोदाकाठचीताई, मी मुंबईत सोळा वर्षं स्टोरीबोर्ड काढतोय, म्हणजे सिनेमा बनायच्या आधी त्याचा एकेक शॉट साध्या चित्रांत मांडून देतो. दिग्दर्शक नाही, पण बऱ्याच दिग्दर्शकांच्या शेजारी बसलोय आणि काहींच्या तावडीतही सापडलोय. तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एक साधा प्रसंग घ्या. आजी चहा ठेवतेय, दार वाजतं, ती वळून बघते. खऱ्या सिनेमात दिग्दर्शक एखाद्या चांगल्या अभिनेत्रीला आणतो, प्रसंग समजावतो आणि कॅमेरा लावतो. पदर खांद्यावरून घसरला की बाई आपसूक तो सावरतात. चहाची वाफ आपली आपण वर जाते. खिडकीतून ऊन येतं, मागे कावळा ओरडतो. निम्म्या गोष्टी फुकटात मिळतात, आणि त्यातलीच एखादी अशी असते की ती बघून दिग्दर्शक म्हणतो, हेच हवं होतं.

अ‍ॅनिमेशनमध्ये फुकट काहीही मिळत नाही. पदर घसरायला हवा असेल तर ते कुणीतरी ठरवलेलं असतं. वाफ किती, ऊन कुठून, आजी आधी मान वळवते की आधी डोळे, गॅस बारीक करून दाराकडे जाते की तसाच सोडून, हे सगळं कुणीतरी ठरवतं. आणि ते ठरेपर्यंत कागद कोराच राहतो. पडद्यावर एका सेकंदात २४ फ्रेम जातात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं झाली. नव्वद मिनिटांच्या सिनेमाच्या १ लाख २९ हजार ६०० फ्रेम होतात. हे काम शे-दोनशे माणसं तीन-चार वर्षं करत असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्या हातातला तुकडा सोडून पुढचा-मागचा सिनेमा नीट दिसत नसतो. तो सगळा एका डोक्यात असावा लागतो. ज्याच्या डोक्यात तो असतो, तो दिग्दर्शक.

म्हणजे दिवसभर काय करतो, तर उत्तरं देतो. सकाळी रंगवाले विचारतात, या प्रसंगात साडी निळी की विटकरी? मग पात्रांची रचना करणारे येतात, आजीचा चष्मा जाड काचेचा की बारीक? मग अ‍ॅनिमेटरांची कामं एकामागून एक पडद्यावर लागतात. तिथे "छान आहे, पण काहीतरी कमी वाटतंय" असं म्हणणारा दिग्दर्शक आम्हा सगळ्यांचा शत्रू. "ती दचकत नाही, ती वाटच बघत होती, म्हणून डोळे आधी आणि मान सहा फ्रेम नंतर" असं जो सांगतो, त्याच्यासाठी आम्ही रात्री जागतो.

आता झोपतो. रस्ता कसा असतो ते उद्या.

मेतकूट | सोमवार, सकाळी ८:२०

पाटीदादांनी छान लिहिलंय, पण दिवसभराच्या यादीत स्वतःच्या खात्याचं नाव घ्यायचं विसरले आणि माझ्या खात्याचंही! मी अ‍ॅनिमेशन मालिकांची संकलक आहे. लोकांना सांगितलं की विचारतात, "कार्टूनमध्ये एडिटिंग कशाला? हवं तेवढंच तर काढता ना?" अहो, हवं तेवढंच काढायचं असतं म्हणूनच एडिटिंग आधी करावं लागतं.

खऱ्या सिनेमात आधी शूटिंग, मग ढीगभर फुटेजमधून संकलन. आमच्याकडे क्रम उलटा. आधी स्टोरीबोर्डची साधी रेघोट्यांची चित्रं एकापुढे एक लावायची, त्यावर कच्चे आवाज टाकायचे, इकडचं-तिकडचं संगीत चिकटवायचं आणि अख्खा सिनेमा तसाच बसून बघायचा. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. रटाळ वाटला की तोडायचा आणि परत लावायचा. मोठ्या सिनेमात हे असं सात-आठ वेळा होतं. एका खऱ्या अ‍ॅनिमेटरला चांगल्या दर्जाचं काम करायचं तर आठवड्याला चार-पाच सेकंद निघाले तरी पुष्कळ. असा सीन पूर्ण झाल्यावर कापायचा म्हणजे कुणाचा तरी महिना कचऱ्यात. म्हणून रडायचं ते सगळं अ‍ॅनिमॅटिकच्या वेळी रडून घ्यायचं.

दिग्दर्शकाची खरी परीक्षा याच खोलीत होते. पडद्यावर काडीची माणसं हलताहेत, राक्षसाचा कच्चा आवाज अकाउंट्सच्या जोशीबुवांनी दिलाय (आमच्याकडे खरंच द्यायचे, आणि फार सुंदर द्यायचे), आणि तरीही या कचऱ्याआड सिनेमा आहे की नाही, हे त्याला कळावं लागतं. ज्याला ते चकचकीत रंग चढल्यावरच कळतं, तो उत्तम चित्रकार असेल, पण दिग्दर्शक म्हणून महागात पडतो.

गोदाकाठची | सोमवार, दुपारी १:३५

केवढं काय काय लिहिलंत! डब्याच्या सुट्टीत वाचलं. लेकीला पाठवलं तर तिने फक्त "मी सांगत होते ना" एवढंच उत्तर धाडलं.

पण दुसरा प्रश्न राहिला. तिची चित्रकला बरी आहे, फार ग्रेट नाही. एलिमेंटरीला बी ग्रेड. गोष्टी मात्र भारी सांगते. चित्रकला कमी असेल तर ही वाट बंदच का?

रिकामटेकडा | सोमवार, दुपारी ३:१०

माझा धंद्याशी संबंध नाही, फक्त सिनेमे बघतो. पण या प्रश्नाचं उत्तर जपानमध्ये एकाच इमारतीत मिळालंय.

हायाओ मियाझाकी (जन्म १९४१) अर्थशास्त्र-राज्यशास्त्र शिकून १९६३ साली तोएई स्टुडिओत लागले ते सर्वात खालच्या पायरीवर. मोठ्या अ‍ॅनिमेटरने काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रं भरण्याचं काम. तिथून अ‍ॅनिमेटर झाले, पुढे टीव्ही मालिका केल्या आणि स्वतःचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, 'कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो', आला १९७९ मध्ये. वय ३८. हे गृहस्थ अख्ख्या सिनेमाचा स्टोरीबोर्ड स्वतः काढतात, इतरांची चित्रं स्वतः दुरुस्त करतात, आणि शेवट ठरायच्या आत सुरुवातीचं अ‍ॅनिमेशन सुरू करून टाकतात. निर्मात्यांच्या रक्तदाबाचं काय होत असेल कोण जाणे.

त्यांचे थोरले सहकारी इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८). टोकियो विद्यापीठातून फ्रेंच साहित्य शिकले, १९५९ मध्ये त्याच तोएईत सहायक दिग्दर्शक म्हणून लागले. हे अ‍ॅनिमेटर नव्हतेच. चित्रकाराची नोकरी त्यांनी कधी केली नाही. तरी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' त्यांचा. १९८८ च्या एप्रिलमध्ये तो आणि मियाझाकींचा 'टोटोरो' एकाच दिवशी, एकाच तिकिटात लागले होते. एक बघून मुलं हसत बाहेर येणार, दुसरा बघून आया रडत. वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी 'प्रिन्सेस कागुया' पूर्ण केला, आणि त्याच्या इतकं रेषेवर प्रेम करणारा सिनेमा मी तरी पाहिलेला नाही.

चित्र न काढणाऱ्याने रेषेचा सर्वात सुंदर सिनेमा केला. बी ग्रेडचं काय घेऊन बसलात ताई.

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री १०:३०

रिकामटेकडे, उदाहरण झकास, पण ताईंना उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. ताकाहातांच्या हाताखाली पहिल्या फळीचे चित्रकार होते आणि काय हवं ते त्यांना शब्दांत नेमकं सांगता यायचं. ती विद्या चित्रकलेहून सोपी नाही. शिवाय त्यांचा १९६८ चा पहिला मोठा सिनेमा चालला नाही आणि तोएईने त्यांना परत सिनेमा दिला नाही. सुरुवात अशी होती.

माझं मत असं. चित्र देखणं नसलं तरी चालेल, बोलकं हवं. दहा सेकंदांत काढलेल्या काडीच्या माणसाकडे बघून समोरच्याला कळलं पाहिजे की हा रुसलाय. लेकीला तेवढं जमत असेल तर पुरे. उत्तम सावल्या देता येण्याचा आणि दिग्दर्शनाचा संबंध नाही. आमच्या धंद्यात थक्क करणाऱ्या चित्रकारांची कमी नाही, निर्णय घेणाऱ्यांची आहे.

अण्णा_कोथरूडकर | मंगळवार, सकाळी ७:१५

जपानचं कौतुक पुरे. इथे काय आहे ते सांगा. नाशिकची मुलगी टोकियोत जन्म घेऊ शकत नाही आता.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ७:५०

अण्णा, नाशिकचं म्हणालात म्हणून. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या एका गृहस्थांनी वाटाण्याचा दाणा कुंडीत लावून, रोज थोडं थोडं चित्रण करून, रोप उगवताना दाखवलं होतं. 'अंकुराची वाढ'. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी. पुढे १९१५ मध्ये त्याच दादासाहेब फाळक्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केला. म्हणजे आपल्याकडचा पहिला अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक गोदाकाठचाच! १९३४ मध्ये प्रभातने 'जंबूकाका' नावाचा व्यंगपट केला, तोही इथलाच. अवांतर संपलं.

पाटी_पेन्सिल | मंगळवार, रात्री ११:२०

अण्णा, इथलं सांगायचं तर राम मोहन यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

१९३१ चा जन्म, मद्रासला रसायनशास्त्र शिकलेला माणूस. मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला आणि १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथल्या पोरांना शिकवायला आले. वीक्स यांनी 'बॅम्बी'वर काम केलेलं होतं. राम मोहन त्या पहिल्या तुकडीतले. मग पुढची चाळीसेक वर्षं त्यांनी काय केलं ते बघा. कुटुंबनियोजन वगैरे विषयांवरचे सरकारी लघुपट, जाहिराती, 'भुवन शोम' आणि 'शतरंज के खिलाडी'मधले अ‍ॅनिमेशनचे तुकडे, युनिसेफची 'मीना'. स्वतःचा स्टुडिओ १९७२ मध्ये. आणि पूर्ण लांबीच्या सिनेमाचं सहदिग्दर्शन? 'रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम', १९९२. म्हणजे साठी गाठल्यावर.

त्या सिनेमाचीही गंमत आहे. तो सुचला युगो साको नावाच्या जपानी माहितीपटकाराला. १९८३ मध्ये ते इथे रामायणाशी संबंधित उत्खननावर माहितीपट करायला आले आणि रामायणाच्या प्रेमातच पडले. परक्या माणसाने प्रभू रामचंद्राचं 'कार्टून' करावं याला इथे विरोध झाला, मग सिनेमा जपानमध्ये बनला. दिग्दर्शक तिघे, साको, कोइची सासाकी आणि राम मोहन. जपानी अ‍ॅनिमेटर अव्वल, पण त्यांना धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, मोठ्यांच्या पाया कसं पडतात हे कुठून माहीत असणार? ते हलतं-बोलतं समजावणं हे राम मोहन यांचं काम. तुमच्या यजमानांना सांगा ताई, चित्रांना दिग्दर्शक का लागतो ते. धोतराचा काष्टा चालताना कसा हलतो हे कुणीतरी सांगावं लागतं. हाच सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थेटरात पुन्हा लागला, मी माझ्या पोराला घेऊन गेलो होतो.

पण अण्णांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आपल्याकडे काम भरपूर आहे, खुर्च्या कमी. इथल्या बहुतेक मोठ्या स्टुडिओंची भाकरी परदेशी कामावर चालते. स्टोरीबोर्ड तिकडून येतो, आवाज तिकडून येतात, निर्णय तिकडे होतात. आपण हलवून द्यायचं. दहा वर्षं असं काम करून हात तयार होतो, पण 'हा सीन हवाच कशाला' असं विचारायची सवय लागतच नाही, कारण ते विचारायची परवानगी नसते. मी सुरुवातीला एका स्टुडिओत अडीच वर्षं एकाच मालिकेतल्या एकाच कुत्र्याचं शेपूट हलवलं. त्या कुत्र्याचा मालक कोण आणि तो घर सोडून का गेला, हे मला मालिका टीव्हीवर लागल्यावर कळलं. नावंही पाट्यांमध्ये आली नव्हती आमची.

स्वतःच्या सिनेमांचं म्हणाल तर २००५ चा 'हनुमान' (व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके) चालला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता लाट येणार. भराभर देवादिकांचे सिनेमे निघाले आणि बरेचसे आपटले. २०१२ चा अर्णब चौधुरींचा 'अर्जुन : द वॉरियर प्रिन्स' दिसायला फार देखणा होता, पण थेटरात माणसं आली नाहीत. मग २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह'ने शेकडो कोटींचा धंदा केला आणि पुन्हा सगळे जागे झालेत. मी दोन लाटा पाहिल्यात, म्हणून फार उड्या मारत नाही.

व्हँकूवरचा_वारकरी | बुधवार, सकाळी ६:०५ (तुमच्या वेळेनुसार)

इकडच्या स्टुडिओत प्रॉडक्शनला आहे. म्हणजे दिग्दर्शकाचं वेळापत्रक सांभाळायचं आणि शिव्या खायच्या.

इकडे शिडी दोन-तीन ठिकाणांहून वर जाते. पूर्वी अ‍ॅनिमेटर वर जायचे, पिक्सार स्टुडिओचे पीट डॉक्टर तसेच. आता जास्त करून स्टोरी विभागातून जातात. जेनिफर यू नेल्सन 'कुंग फू पांडा'च्या स्टोरी विभागाच्या प्रमुख होत्या, दुसरा भाग (२०११) त्यांना मिळाला. पीटर रॅम्झी यांनी कितीतरी वर्षं खऱ्या नटांच्या सिनेमांचे स्टोरीबोर्ड काढले, मग अ‍ॅनिमेशनमध्ये आले आणि पुढे 'इन्टू द स्पायडर-व्हर्स'च्या तीन दिग्दर्शकांपैकी एक म्हणून ऑस्कर घेतलं. डोमी शी २०११ मध्ये पिक्सारला स्टोरी विभागात शिकाऊ म्हणून गेल्या, २०१८ मध्ये 'बाओ' हा लघुपट आणि २०२२ मध्ये 'टर्निंग रेड'. अकरा वर्षं, आणि हा वेग जलद समजतात. 'फ्रोझन'च्या सहदिग्दर्शक जेनिफर ली लेखनातून आल्या. पाटी_पेन्सिल, तुम्ही योग्य रांगेत उभे आहात हो.

एक गोष्ट मात्र लेकीला आधीच सांगून ठेवा. मोठ्या स्टुडिओत सिनेमा दिग्दर्शकाचा नसतो, स्टुडिओचा असतो. 'ब्रेव्ह'ची कल्पना ब्रेंडा चॅपमन यांची, स्वतःच्या मुलीशी होणाऱ्या भांडणांतून सुचलेली. मोठ्या स्टुडिओचा अ‍ॅनिमेशनपट दिग्दर्शित करणाऱ्या पहिल्या बाई त्याच, 'प्रिन्स ऑफ इजिप्त'च्या (१९९८) तिघांपैकी एक. तरी २०१० मध्ये मतभेदांवरून त्यांना 'ब्रेव्ह'वरून काढलं आणि मार्क अँड्र्यूज यांना बसवलं. पुढे त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं तेव्हा दोघंही मंचावर होते. स्वतःच्या आई-मुलीच्या गोष्टीतून बाहेर काढलं जाणं आणि मग तिच्यासाठी बक्षीस घ्यायला जाणं, विचार करून बघा.

रोजचं म्हणाल तर आमच्या दिग्दर्शिकेचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असतो. मी दारात घड्याळ घेऊन उभा. सगळ्यात अवघड काम कुठलं विचारलं तर ती म्हणते, दुपारी चार वाजता चाळिसावा शॉट बघतानाही सकाळच्या पहिल्या शॉटइतकं ताजं राहणं. कारण तो अ‍ॅनिमेटर आठवडाभर तेवढ्यासाठीच राबलेला असतो.

मेतकूट | बुधवार, दुपारी २:००

वारकरीदादा, काटा आला अंगावर.

पण शिडी चढायचीच असं कुणी सांगितलं? दुसरी वाट आहे, आणि ती मुंबईतूनच जाते. गीतांजली राव. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून उपयोजित कला, १९९४. अ‍ॅनिमेशन स्वतःच शिकल्या. 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा लघुपट जवळजवळ एकटीने चित्र-चित्र रंगवून केला. एक म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांतलं तिचं जग. २००६ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात तीन पुरस्कार. त्यानंतर पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा 'बॉम्बे रोज' आला कधी? २०१९. व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवातच त्याने झाली. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी लघुपट केले, अभिनयही केला ('ऑक्टोबर'मधली आई आठवतेय? त्याच). आणि 'बॉम्बे रोज' हातानेच रंगवलेला, फक्त या वेळी स्टुडिओत साठेक चित्रकार होते. मुंबईची गर्दी ज्याने लोकलमधून पाहिलीय त्यालाच ती तशी रंगवता येते.

दुसऱ्या शिल्पा रानडे, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात शिकवतात. त्यांचा 'गोपी गवय्या बाघा बजय्या' २०१३ मध्ये टोरंटोला दाखवला गेला. आपल्याकडे थेटरात यायला २०१९ उजाडलं!

आणि अगदी ताजं, लाटव्हियाचा गिंट्स झिल्बालोडिस. 'अवे' (२०१९) हा अख्खा सिनेमा त्याने एकट्याने केला. मग छोटी टीम घेऊन, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर 'फ्लो'. संवाद एकही नाही, नुसती मांजर, पूर आणि होडी. मार्च २०२५ मध्ये ऑस्कर. आणि पाटीदादा, कानात सांगते, तो स्टोरीबोर्ड काढतच नाही. थेट थ्रीडीत कॅमेरा फिरवून शोधतो.

पाटी_पेन्सिल | बुधवार, रात्री १०:४५

म्हणजे तो पोरगा माझ्या पोटावर पाय देणार.

मेतकूट, मला रावबाईंबद्दल आदरच आहे, 'प्रिंटेड रेनबो' मी दहादा पाहिलाय. पण 'एकटीने कर' हा सल्ला देताना भाडं कोण भरणार हेही सांगावं. तीन वर्षं एक लघुपट करायचा म्हणजे मुंबईत घर हवं, नाहीतर जाहिरातींची कामं करून उरलेल्या रात्री हव्यात. मी दोनदा सुरू केला. एकदा चाळीस सेकंद झाले, एकदा सत्तर. मग पोरगं झालं.

मेतकूट | बुधवार, रात्री ११:१०

दादा, मान्य. पण शेपूट हलवण्याची अडीच वर्षं आणि सत्तर सेकंद यांतलं आज तुम्ही कुणाला काय दाखवाल? मला तर ते सत्तर सेकंद बघायचेत. संकलनाला फुकट बसेन, चहा तुमचा.

पाटी_पेन्सिल | बुधवार, रात्री ११:५८

शोधतो. हार्ड डिस्क जुनी आहे.

गोदाकाठची | गुरुवार, दुपारी १:२०

तुम्हा दोघांचं भांडण वाचून माझा डबा गार झाला. आता शिक्षणाचं सांगा ना कुणीतरी. शनिवार जवळ आलाय.

मेतकूट | गुरुवार, दुपारी ४:०५

ताई, थोडक्यात. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) पदवीलाच अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन आहे, त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत बारावीनंतर यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन डिझाइनची पदवी करता येते. शाखा कुठलीही चालते, त्यामुळे सायन्स केलं हे बिघडलं नाही. पदवीनंतर सीड ही परीक्षा देऊन तिथेच अ‍ॅनिमेशनमध्ये मास्टर्स करता येतं. जेजेची उपयोजित कलाही उत्तम पाया आहे, त्यासाठीही प्रवेश परीक्षा असते. एनआयडी आणि यूसीडचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात, सगळ्यांच्या तारखा अधिकृत साइटवरच बघा. या परीक्षांत सावल्या-शेडिंगपेक्षा निरीक्षण आणि कल्पना जास्त तपासतात. परदेशातली नावं मोठी आहेत, पॅरिसचं गोबेलँ, अमेरिकेतलं कॅलआर्ट्स, पण आधी शिष्यवृत्ती बघा, मग स्वप्नं.

सहा महिन्यांच्या डिप्लोमात सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. ती यूट्यूबवर फुकट आहेत आणि दर दोन वर्षांनी बदलतात. शनिवारपर्यंतची सूट साडीच्या दुकानात शोभते.

अण्णा_कोथरूडकर | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाकी वाचतोय. रामायणवाला सिनेमा नातवाला दाखवला काल. हनुमानाला मीच टाळ्या वाजवल्या, तो मोबाइलवर होता.

पाटी_पेन्सिल | गुरुवार, रात्री ११:३०

ताई, मुलीसाठी एक गृहपाठ. परीक्षा वगैरे नंतर. घरातला एक प्रसंग निवडायचा, अर्ध्या मिनिटाचा, संवाद नकोत. पोस्टाच्या कार्डाएवढ्या कागदांवर पंधरा-वीस चित्रं, काडीची माणसं चालतील. मोबाइलने फोटो काढून एकापुढे एक लावायचे, मागे घरचेच आवाज. मग दोन माणसांना काही न सांगता दाखवायचं आणि त्यांना काय कळलं ते विचारायचं. त्यांना वेगळंच काही कळलं तर समजावत बसायचं नाही. चित्रं बदलायची.

गोदाकाठची | पुढचा रविवार, रात्री ८:५०

आईच्या आयडीवरून लिहितेय. मी लेक.

पाटीकाका, केलं. चौतीस सेकंद, सतरा चित्रं. आई दुधावर लक्ष ठेवायला सांगून गच्चीवर जाते, मुलगी खिडकीतला सरडा बघत बसते, दूध उतू जातं, आई येते. आजीला दाखवलं, ती हसली. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "आई रागावलेली नाहीये ना शेवटी? तीपण सरडाच बघतेय." मला तेच दाखवायचं होतं!! त्यांना काही सांगितलं नव्हतं. लिंक काकांना व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवलीय. क्लासचे पैसे भरले नाहीत.

पाटी_पेन्सिल | पुढचा रविवार, रात्री १०:१५

पाहिलं. तीनदा पाहिलं.

नववं चित्र काढून टाक. त्यात मुलगी दुधाकडे बघते, म्हणजे तिला माहीत होतं असं होतं आणि आपण तिच्यावर चिडतो. तिने बघायचंच नाही, फक्त आपण बघायचं. आणि दूध वर येण्याचा शॉट अर्धा सेकंद आणखी धर, पातेल्याच्या काठाशी थांबव, सांडायच्या आत काप. फस्स आवाज पुढच्या चित्रावर, सरड्यावर टाक. आई दारात आल्यावर तू एकदम जवळ गेलीस ते बरोबर केलंस. ते कुणी शिकवलं?

गोदाकाठची | पुढचा रविवार, रात्री १०:२२

कुणी नाही. आई तशीच दिसते दारात.

मेतकूट | पुढचा रविवार, रात्री १०:४०

पाटीदादा, ते सत्तर सेकंद सापडले का?

अण्णा_कोथरूडकर | पुढचा रविवार, रात्री १०:५५

ते दूध शेवटी पुसलं कुणी?